पंचेचाळीस खाचा

२ फेब्रुवारी

सकाळी दादाचा फोन. अकरा मिनिटं. एरवी तो वर्षभरात एवढं बोलत नाही.

डोळे गेले म्हणाला. गेले म्हणजे गेलेच. डाव्यानं उजेड कळतो, उजव्यानं तोही नाही. छत्री हरवल्याचं सांगावं तसं सांगितलं. दोन वर्षांत इतकं झालं आणि आम्हाला पत्ता नाही. ताईला मात्र होता. तिनं नदीपलीकडच्या अंधांच्या निवासात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली आहे, १५ मार्चपर्यंत.

मी म्हटलं, "निवास कशाला? आमची खालची खोली आहे."

तो म्हणाला, "तो ट्रक आहे का तुझ्याकडे?"

"कुठला ट्रक?"

"आपल्याकडे ट्रक किती होते, भोंग्या?"

आहे, म्हटलं. माळ्यावर.

"मग त्याची चासी सुटी कर, साफ कर आणि ठेव. जोडणार मी. एकटा. कुणी हात लावायचा नाही, तोंडानं सांगायचं नाही. जोडता आली तर तुझ्याकडे राहतो. नाही आली तर निवास."

"ही कसली अट?"

"मग काय नुसता येऊन बसू? हातात ताट घेऊन?"

आणि ठेवला फोन.

ही म्हणाली, "भावजी थट्टा करत असतील." दादा थट्टा करतो तेव्हा आवाज चढवतो. आज चढवला नाही.

३ फेब्रुवारी

ट्रक खाली काढला. पत्र्याच्या पेटीत होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

मामा जहाजावर नोकरीला होता. त्यानं कुठल्याशा बंदरातून सुटे भाग असलेलं खोकं आणलं. दादा तेव्हा चौदाचा, मी आठचा. रिमोटवर चालणारा, पुढे दोन खरे दिवे असलेला, हातभर लांबीचा ट्रक. दादानं तो चार दिवसांत जोडला. मग सगळा सुटा केला आणि पुन्हा जोडला. पुढे पुढे तो डोळे मिटून जोडून दाखवायचा. गल्लीतली पोरं गोल करून बसायची आणि शेवटी टाळ्या वाजवायची. मी त्यातला सर्वांत जोरात वाजवणारा.

चालवताना दादा रिमोट धरून पायरीवर उभा राहायचा. मी ट्रकच्या शेजारून पळत ओरडायचो: खड्डा, डावीकडे, दगड, थांब. म्हणून मी भोंगा. जरा दम घ्यायला थांबलो की तिथून ओरडायचा, "गप्प बसलास की गाडी आपटते!" मला ती हमालीच वाटायची. रिमोट त्यानं मला क्वचित दिला. आणि ट्रक निघायचा तो दुपारीच. अंधारात दिवे लावून चालवू या म्हटलं की म्हणायचा, बॅटरी उतरते.

अजून राग आहे वाटतं मला. चोपन्नाव्या वर्षी.

ही माझी कामाची वही. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळी करून पाठवतो. प्रत्येकीची मापं इथे लिहितो. तीस वर्षांची सवय. या कामाची मापंही इथेच लिहीन. पेशंटच्या जागी दादा.

६ फेब्रुवारी

स्क्रू बावीस. सतरा सुटले. पाच गंजून बसलेत. प्रत्येकावर तेलाचा थेंब टाकला. उद्या.

७ फेब्रुवारी

चार सुटले. पाचव्यानं दिवस घेतला. तेल, मग जरा शेक, पुन्हा तेल. शेवटी पावपाव फिरायला लागला. इतक्या वर्षांनी सैल होणाऱ्या स्क्रूचा एक आवाज असतो, कुणीतरी दुसऱ्या खोलीत बोट मोडावं तसा.

चासी म्हणजे फार काही नाही. दोन लांब पट्ट्या, पन्हळीसारख्या आतून वळलेल्या. त्यांच्यामध्ये पाच आडवे तुकडे. शिडीच. सगळ्याला दादानं ब्रशनं फासलेला जाड निळा रंग.

९ फेब्रुवारी

रंग काढायचं औषध लावलं. वीस मिनिटांत रंग सुरकुतला, तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा. लाकडी चिमट्यानं उचलला तर अख्खा निघाला.

खाली ॲल्युमिनियम. पांढुरकं, शांत. इतकी वर्षं रंगाखाली होतं आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. मी चिमटा हातात धरून नुसता बघत उभा. ही चहा ठेवून गेली. तो तसाच गार झाला.

११ फेब्रुवारी

आज जे बघितलं ते नीट लिहायला हवं.

पाचांतला एक आडवा तुकडा खोक्यातला नाही. बाकीचे साच्यातून निघालेले, त्यांच्या कडा सारख्या गोल आहेत. हा करवतीनं कापलेला आणि कानशीनं घडवलेला. खिडकीच्या जुन्या चौकटीचा असावा. एका बाजूला चौकटीची खोबण अजून दिसते. मूळचा तुकडा हरवला असेल किंवा मोडला असेल, आणि दादानं नवा केला. मला कधीच कळलं नाही.

व्हर्निअर लावला. लांबी ६२.१. कोन चारही काटकोन. मधल्या भोकाचं अंतर दोन्हीकडून एक दशांश मिलिमीटरच्या आत सारखं.

माझ्याकडे मोटर आहे, भिंग आहे, पायाशी हीटर आहे. मला हे एका दमात जमेल असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्यानं ते चौदाव्या-पंधराव्या वर्षी घरच्या पायरीवर बसून केलं, आणि वर निळा रंग फासून टाकला. कुणाला दाखवलंसुद्धा नाही.

हिला दाखवायला वर नेला. ती टपाल खात्यात पत्रं लावते, तिला धातूतलं काही कळत नाही. हातात घेऊन म्हणाली, "जड नाही." मग काही वेळानं, "भावजींनी लेथची नोकरी का सोडली होती हो?"

"फोरमन काहीतरी बोलला म्हणून."

"काय बोलला?"

मला माहीत नाही. कुणालाच नाही. अडतिसाव्या वर्षी उत्तम नोकरी सोडली. त्याच्या आधी ठरत आलेलं लग्न सोडलं. घरात एक शब्द ठरलेला होता त्याच्यासाठी: तऱ्हेवाईक.

१४ फेब्रुवारी

मापं.

पट्ट्या दोन, लांबी ४०२. भोकं प्रत्येकीला एकेचाळीस (एकाच पट्टीवर चार तऱ्हेचे ट्रक बसावेत म्हणून. वापरात अकराच). दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्या. उलटसुलट झाल्या तरी बसतील, पण तिरक्या.

आडवे: रुंद एक. दोन मोठ्या भोकांचा एक. घरी केलेला एक. उरलेले दोघे जुळे, एक ६२.०, दुसरा ६२.४. नुसत्या हाताला फरक कळत नाही.

डागडुजी लागेल असं नुकसान: कडांवर बारीक खाचा, अर्धा मिलिमीटर खोल. डाव्या पट्टीच्या खालच्या कडेला, पुढच्या टोकापासून: २२ वर चार, ९६ वर दोन, १७१ वर एक, २६८ वर तीन, ३७९ वर पाच. उजव्या पट्टीला त्याच जागी तितक्याच, पण वरच्या कडेला. आडव्या तुकड्यांच्या डाव्या टोकांनाही: घरी केलेल्याला एक, रुंदाला तीन, मोठ्या भोकांच्याला पाच, जुळ्यांत ६२.० ला दोन, ६२.४ ला चार. एकूण पंचेचाळीस.

कापताना तुकडा आवळून धरतात त्या व्हाइसचे दात लागलेत, दुसरं काय. इतका हात असलेला माणूस आणि व्हाइसच्या जबड्याला चामड्याचा तुकडा लावायचं सुचू नये!

खरं लिहायचं तर आणखी एक. खालच्या खोलीत कॉट कशी बसेल ते आज मोजलं. बसते, पण माझं सामान व्हरांड्यात जाईल. हिला पहाटेची पाळी असते. न्हाणीघराला पायरी आहे. मोजपट्टी हातात धरून उभा होतो आणि मनात आलं, नाहीच जोडता आली तर?

लगेच गेला विचार. पण आला होता, म्हणून लिहिला.

१६ फेब्रुवारी

खाचा घासल्या. कानस, मग घासायचा चारशेचा कागद, सहाशेचा, हजाराचा. पाण्यातून.

आमच्या कामात डोळ्याला दिसतं त्याला काही किंमत नाही. जीभ सांगते ते खरं. जिभेला केस खांबाएवढा लागतो. कवळीवर अंगठ्याला कणभर जरी काही जाणवलं तरी पेशंट आठ दिवसांत परत येतो, तोंड वाकडं करून. म्हणून मी शेवटी नेहमी डोळे मिटतो आणि बोट फिरवतो. आजही फिरवलं. डावी पट्टी, उजवी पट्टी, पाचही आडवे.

काहीही नाही. पाण्यावरून बोट फिरवावं तसं.

२३ फेब्रुवारी

दोन हजारचा कागद. मग नमद्याचं चाक आणि पॉलिशची वडी. पट्टी चाकावर धरणं जोखमीचं. कडेनं लागली तर चाक ती हिसकून छताला मारतं. श्वास धरून काम.

आधी काळा राप येतो. वाटतं, बिघडलं. मग त्याच्याखालून ती येते. चमक हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. पट्टी तिथे असते आणि नसतेही. तिच्या जागी खिडकी दिसते, दिव्याची वायर दिसते, माझा कान दिसतो. मी हजारो कवळ्यांना झिलई दिली आहे. त्या तोंडात जातात आणि मिटतात. हे असं उघडं, लांबलचक, इतकं स्वच्छ मी कधी केलं नव्हतं.

मग आठवलं की ज्याच्यासाठी करतोय त्याला हे दिसणार नाही.

तरी पूर्ण केलं. अर्धं सोडता येत नाही.

१ मार्च

दादा आला. ताईनं गाडीतून सोडला. ती उतरलीच नाही, काच खाली करून मला म्हणाली, "पंधरापर्यंत जागा आहे हं. संकोच करू नकोस. तूही नको, तोही नको."

सामान एक पिशवी. ती त्यानं कॉटखाली न ठेवता दाराशी ठेवली आणि तिथेच राहू द्या म्हणाला.

वाळलाय. पण हात तेच. जेवण झाल्यावर म्हणाला, "आण."

मी मखमलीच्या कापडावर सगळं मांडून आणलं. त्यानं डावी पट्टी उचलली. आधी तळहातावर तोलली. मग दोन्ही अंगठे कडांवरून चालवले, वरच्या, मग खालच्या. टोकापासून टोकापर्यंत. पुन्हा. तिसऱ्यांदा फार सावकाश.

मी सांगत होतो. रंग कसा निघाला, पाचवा स्क्रू, हजाराचा कागद, दोन हजारचा, चाक. लहान मूल झालो होतो.

"काही घासलंस का रे कडांना?"

"सगळं. एक ओरखडा ठेवला नाही. डोळे मिटून तपासलंय."

त्यानं आडवे तुकडे एकेक करून हातात घेतले. घरी केलेला आला तेव्हा जरा थांबला, त्याच्या टोकावर नख फिरवलं. मग ठेवला.

"छान झालंय," म्हणाला. "हात चांगला आहे तुझा."

जन्मात पहिल्यांदा म्हणाला. मी इतका खूश झालो की हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग भावजींचा चेहरा का असा?"

प्रवासाचा शीण, म्हटलं.

३ मार्च

सकाळी आठला बसला. माझं टेबल, माझी खुर्ची. स्क्रू वाटीत. मी व्हरांड्यात एका पेशंटच्या कवळीचे खालचे दात लावत होतो. दारातून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

तो बघण्यासारखा माणूस आहे. वाटीतून स्क्रू उचलतो, दोन बोटांत फिरवतो, तेवढ्यात त्याला लांबी कळलेली असते. स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या डोक्यावर बरोबर टेकतो, एकदाही घसरत नाही. मी भिंगाखाली घसरतो.

दुपारी चारला म्हणाला, "काच आण."

माझ्याकडे जाड काच आहे. कवळी तिच्यावर ठेवून बघतो. बैठक सपाट असेल तर हलत नाही. दादानं चासी काचेवर ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं.

टिक.

समोरच्या कोपऱ्यावर. टिक.

"तिरकी," म्हणाला आणि सोडायला घेतली.

५ मार्च

टिक.

६ मार्च

टिक. आज दोन्ही पट्ट्या उलट्या लागल्या होत्या. मला दिसत होतं. जुळ्यांची अदलाबदल झाली होती तेही दिसत होतं. जीभ चावून बसलो. अट त्याची.

ही भाजी चिरताना कुजबुजली, "सांगा ना त्यांना."

"नको म्हणालाय."

"लहानपणी ओरडून सांगायचात ना गल्लीभर?"

"तेव्हा त्याला हवं होतं."

९ मार्च

आज त्यानं मोजायला सुरुवात केली. नखानं भोकं मोजत एका टोकाकडून दुसरीकडे. एकेचाळीस. अठ्ठाविसाव्याला कुणीतरी रस्त्यावर हॉर्न दिला आणि मोजणी चुकली. पुन्हा एकपासून. संध्याकाळी बोटांची टोकं लाल झाली होती.

टिक.

खुर्चीत मागे टेकून बसला. मग म्हणाला, "भोंग्या, ताईला फोन लाव. जागा आहे अजून, म्हणावं."

"अजून सहा दिवस आहेत."

"सहा दिवसांनी काय उगवणार? हातांना सगळं माहीत आहे असं वाटलं होतं. नाही माहीत."

"मी मदत करतो."

"आज चासीला करशील. उद्या अंघोळीला. परवा?" रागानं नाही. समजावून सांगितल्यासारखं.

फोन लावला नाही. ताईचा नंबर लागत नाही असं खोटं सांगितलं. त्याला खोटं कळलं असावं.

११ मार्च

हिची सुट्टी. सकाळी ऊन आलं तेव्हा व्हरांड्यात बसून दोघांनी ही वही काढली. मला बघायचं होतं की मापांत काही चूक झाली का, तुकडे घासून कमी झाले का. १४ फेब्रुवारीचं पान मी मोठ्यानं वाचलं.

ही म्हणाली, "थांबा. परत वाचा. खाचांचं."

वाचलं.

"चार, दोन, एक, तीन, पाच. आणि दुसऱ्या पट्टीला?"

"तेच."

"आणि मधल्या तुकड्यांना एक, दोन, तीन, चार, पाच. एकेकच."

"हं."

"अहो, हे पत्ते आहेत."

ती तीस वर्षं हेच करते. आकडा बघायचा, त्याच आकड्याच्या खणात टाकायचं. तिला आकडे दिसले की तिचे हात आपोआप हलतात. पानावरच हलत होते. एकाची एकाशी गाठ. दोनाची दोनाशी. खालच्या कडेला खाचा म्हणजे डावी, वरच्या कडेला म्हणजे उजवी.

"पंचेचाळीस मोजल्यात," ती म्हणाली. "मोजून लिहिल्यात. आणि वाचल्या नाहीत?"

मी पान जवळ ओढलं. व्हाइसचे दात, दुसरं काय. त्याच्याच खाली, त्याच शाईत: नाहीच जोडता आली तर?

मी मुद्दाम केलं नाही. ते मी कुठेही शपथेवर सांगेन. पण दोन वाक्यांत एका बोटाचं अंतर आहे.

तसाच आत गेलो. दादा कॉटवर बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन.

"दादा, त्या खाचा मी घासल्या."

"हं."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं सांगत होतास. हजारचा कागद, दोन हजारचा कागद." थोडं हसला. "म्हटलं, बघू जमतं का."

मला एक कळेना. मी विचारलं, "पण खाचा कशाला लागत होत्या तुला? तू तर डोळे मिटून जोडायचास."

"मिटले काय नि उघडे काय," दादा म्हणाला.

मी त्याच्या शेजारी कॉटवर बसलो. रस्त्यावरून कुणीतरी भांडत गेलं.

मग तोच म्हणाला, "दिवसा समोरचं दिसायचं तेवढं. नळीतून बघावं तसं. दिवेलागणीनंतर तेही नाही. नळी बारीक होत गेली. अडतिसाव्या वर्षी लेथवर मापाची रेघ दिसेना. फोरमन काही बोलला नव्हता रे. चांगला माणूस होता."

"घरात सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ट्रक काढून घेतला असता."

एवढंच. चौदा वर्षांच्या मुलानं केलेला विचार तो साठाव्या वर्षी तसाच, एका वाक्यात सांगत होता.

१२ मार्च

सकाळी त्याला ही वही वाचून दाखवली. मापांचं पान. खालची ओळसुद्धा. वगळावी असं वाटलं, पण वाचली.

तो म्हणाला, "मोजपट्टी धरून माझ्याही मनात आलं असतं." मग, "तिनधारी कानस आहे का?"

आहे.

"मग वाच. डावीपासून."

काम असं ठरलं. मी पट्टीवर मापाच्या जागी अंगठ्याचं नख उभं टेकवायचं. त्यानं बोटानं नख चाचपून त्याला कानस लावायची आणि दोन वेळा ओढायची. मग नख एक मिलिमीटर पुढे.

"बावीसवर चार," मी म्हटलं.

खर्र, खर्र.

मी आठ दिवस घासून आणलेली ती पाण्यासारखी कड. पहिल्या खाचेला मी डोळे मिटले. दुसऱ्यालाही. तिसऱ्यापासून मी त्याच्या हाताकडे बघायला लागलो. कानस प्रत्येक वेळी तितकीच खोल जात होती. मध्येच व्हर्निअर लावला. अर्धा मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर. शेहेचाळीस वर्षांपूर्वीचं माप त्याच्या मनगटात तसंच होतं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मला मात्र हात जोडावेसे वाटले, पण नख धरायचं होतं.

"पुढे?" तो म्हणाला. "गप्प काय बसलास?"

"शहाण्णववर दोन."

"डावीउजवी?"

"अजून डावीच."

"मोठ्यानं बोल की. आवाज गेला का तुझा?"

मी मोठ्यानं बोललो. एकशे एकाहत्तरवर एक! दोनशे अडुसष्टवर तीन! ही वरून खाली डोकावली. शेजारच्या शिंप्यानं मशीन थांबवलं आणि भिंतीपलीकडून विचारलं, "लिलाव चाललाय का?"

"हो," दादा ओरडला. "भोंगा विकायचाय. घेता का?"

"किती जुना?"

"चोपन्न वर्षं. अजून वाजतो."

शेवटी घरी केलेला तुकडा आला. त्याला एकच खाच.

"हा मध्ये," दादा म्हणाला. "पहिला हा लावायचा, मग बाकीचे. हा सरळ तर सगळं सरळ."

"कधी केलास हा?"

"तू मूळचा विहिरीत टाकलास तेव्हा. चिडला होतास, रिमोट दिला नाही म्हणून."

मला आठवत नाही. शपथ, अजिबात आठवत नाही.

खाचा झाल्या. पंचेचाळीस. माझं अंगठ्याचं नख एका बाजूनं घासून तिरकं झालं आहे. लिहिताना दिसतंय.

१३ मार्च

नऊ वाजून पाच मिनिटांनी बसला. आज दार त्यानंच उघडं ठेवायला सांगितलं.

अंगठा कडेवरून जायचा, थांबायचा, परत न येता पुढे. हे जोडणं नव्हतं, वाचणं होतं. आडवा तुकडा दुसऱ्या हातात, त्याच्या टोकावर दुसरा अंगठा. दोन्ही अंगठे एकाच आकड्यावर थांबले की स्क्रू. मधला आधी. जुळे एकदाही चुकले नाहीत. ताईचा फोन आला तेव्हा हिनं उचलला. "हो, हो, आहेत. नाही, आत्ता नाही बोलता येणार त्यांना. कामात आहेत." साठ वर्षांच्या आंधळ्या माणसाबद्दल ही असं म्हणाली, आणि दादाचा हात क्षणभर थांबून पुन्हा चालू झाला.

अकरा वाजून पंधरा मिनिटं. बावीस स्क्रू. वाटी रिकामी.

"काच."

काच ठेवली. त्यानं चासी दोन्ही हातांनी सरळ वरून खाली आणली, बाळ ठेवावं तशी. एका कोपऱ्यावर बोट दाबलं.

काही नाही.

दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्या.

मी वाकून काच आणि धातू यांच्यामध्ये बघितलं. उजेडाची रेघसुद्धा नव्हती. तीस वर्षांत माझी एकही कवळी अशी बसलेली नाही.

ही दाराशी होती. पदरानं हात पुसत म्हणाली, "भावजी, ही पिशवी उघडू का? तेरा दिवस पायात येतेय."

"उघड," दादा म्हणाला. "दाढीचं सामान आहे त्यात. याच्या ब्रशला कुबट वास येतो."

ती पिशवी घेऊन गेली. आम्ही दोघं राहिलो. ऊन टेबलावर आलं होतं, चासीवरून छतावर गेलं होतं आणि छतावर एक लांब शिडी थरथरत होती. पाच पायऱ्यांची. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"मग?" दादा म्हणाला. "कशी दिसते?"

"छान."

"छान काय छान! ते मी पण म्हणालो होतो, पहिल्या दिवशी." त्यानं तोंड माझ्याकडे वळवलं, जरासं चुकलं. "नीट सांग, भोंग्या. गप्प बसलास की गाडी आपटते."

इतक्या झिलया दिल्या, पण ती दिसते कशी हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी बसलो आणि डाव्या पट्टीच्या टोकापासून, बावीसपासून, मोठ्यानं सुरुवात केली.